बंब, गीझर आणि विजेचे घड्याळ

जबलपूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. थंड देशांप्रमाणे येथे संपूर्ण घर तापवावे लागत नाही. येथील हिवाळ्यात उष्णतेवर होणारा घरगुती खर्च म्हणजे प्रामुख्याने आंघोळीचे गरम पाणी. घरातील ऊर्जेचे ‘स्मार्ट’ व्यवस्थापन करून हा खर्च कमी होईल, असे आज सांगितले जाते. त्यावेळी चर्चा बहुधा ‘किती युनिट जळले’ एवढ्यावरच थांबते. या विषयाचा इतिहास मात्र दुसराच प्रश्न पुढे आणतो : वीज केव्हा वापरली, आणि मिळालेली उष्णता किती वेळ टिकली?

जुन्या मराठी घरांतील तांब्याचा बंब आठवून पाहा. उभ्या पिंपाच्या मधोमध एक नळी, नळीच्या तळाशी जाळीवर निखारे, आणि नळीभोवती पाणी. वरून थंड पाणी ओतले की तोटीतून कढत पाणी बाहेर येई. विस्तव पाण्याच्या पोटात ठेवण्याची ही कल्पना वाफेच्या इंजिनातील बाष्पकाचीच होती. (मुंबईहून आणि कलकत्त्याहून येणारे लोहमार्ग 1870 साली जबलपूरला जोडले गेले, तेव्हा त्यांवर धावणाऱ्या इंजिनांतही तप्त वायू पाण्यातून जाणाऱ्या नळ्यांमधून वाहत असत.) बंबाची खरी शिस्त वेळेची होती. विस्तव एकदा पेटला की घरातील सर्वांनी पाठोपाठ आंघोळी उरकायच्या. निखारे विझल्यावर येणाऱ्याला कोमट पाण्यावर भागवावे लागे. चुलीच्या वैलावर पाण्याचे भांडे ठेवण्यामागेही हाच हिशेब होता : स्वयंपाकाची उरलेली धग फुकट जाऊ द्यायची नाही.

विजेच्या गीझरने ही शिस्त संपवली. त्याचे नियंत्रण करणारा थर्मोस्टॅट विजेपेक्षा जुना आहे. दोन भिन्न धातूंच्या पट्ट्या एकत्र जोडल्या तर तापल्यावर त्या वाकतात, या तत्त्वाचा उपयोग जॉन हॅरिसन याने 18व्या शतकात आपल्या सागरी घड्याळात केला. 1830 साली स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ अँड्र्यू यूर याने याच तत्त्वावरील तापमान-नियंत्रकाचे पेटंट घेतले आणि त्याला ‘थर्मोस्टॅट’ हे नाव दिले. पाणी ठरलेल्या तापमानाला पोहोचले की थर्मोस्टॅट प्रवाह तोडतो, गार झाले की पुन्हा जोडतो. त्याला तापमान कळते. वेळ कळत नाही. पहाटे सहाची वीज आणि दुपारी दोनची वीज त्याच्या लेखी सारखीच.

विजेच्या जाळ्याला मात्र हा फरक क्षणोक्षणी जाणवतो, आणि त्याचा हिशेब जबलपुरातच ठेवला जातो. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत भोपाळ मध्य प्रदेशाची राजधानी झाले. जबलपूरच्या वाट्याला उच्च न्यायालय आणि विद्युत मंडळाचे मुख्यालय आले. आज रामपूर भागातील शक्ती भवन आणि नयागाव येथील राज्य भार प्रेषण केंद्र हा तोच वारसा चालवतात. निर्मिती आणि मागणी यांचा मेळ बसला की वारंवारता 50 हर्ट्झवर राहते. मागणी वाढली की ती घसरते. अनेक राज्यांत मागणीचा कळस उन्हाळ्यात येतो, मध्य प्रदेशात तो हिवाळ्यात येतो, कारण रब्बीच्या पिकांसाठी शेतातील पंप चालू असतात. गावोगावच्या पंपांच्या या मागणीत शहरातील सकाळच्या गीझरांची भर पडते. अशा वेळी नर्मदेवरील बरगी धरणाचे 90 मेगावॅटचे जलविद्युत केंद्र उपयोगी पडते. धरणात पाणी अडवून हवे तेव्हा सोडणे आणि टाकीत उष्णता साठवून हवी तेव्हा वापरणे, यांमागील विचार एकच आहे.

विजेला वेळेनुसार किंमत देण्याचा मोठा प्रयोगही याच विभागात प्रथम झाला. 1990 च्या दशकात वारंवारता 49 हर्ट्झच्या खाली जाणे नित्याचे झाले होते. त्यावर उपाय म्हणून 1 जुलै 2002 पासून पश्चिम विभागात ‘उपलब्धताधारित दर’ लागू झाला. दिवसाचे पंधरा मिनिटांचे 96 भाग करून प्रत्येक राज्याने किती वीज घ्यायची हे आदल्या दिवशी ठरू लागले. ठरल्यापेक्षा अधिक उचलली तर त्या क्षणीच्या वारंवारतेनुसार दाम मोजायचे. वारंवारता जितकी खाली, तितकी वीज महाग. ही व्यवस्थाही पुरेशी नव्हती, हे दहा वर्षांनी दिसले. 30 आणि 31 जुलै 2012 या दोन्ही दिवशी बिना-ग्वाल्हेर ही 400 किलोव्होल्टची वाहिनी बंद पडली, आणि तिच्यामागोमाग आधीच ताणलेली उत्तरेकडील जाळी कोसळली. दुसऱ्या दिवशी 60 कोटींहून अधिक लोकवस्तीच्या प्रदेशाला त्याची झळ बसली. पश्चिम विभाग तगला.

म्हणजे राज्याला 2002 पासून विजेचा वेळेनुसार दर मोजावा लागत होता. घरातील ग्राहकाला मात्र चोवीस तास एकच दर दिसत होता. हे अंतर मिटवण्याची तरतूद केंद्र सरकारने जून 2023 मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत केली. शेती वगळता इतर ग्राहकांना 1 एप्रिल 2025 पासून, आणि स्मार्ट मीटर बसलेल्यांना तो बसताच, वेळेनुसार दर लागू व्हावा असे हा नियम सांगतो. सूर्यप्रकाशाच्या तासांत दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी आणि कमाल मागणीच्या वेळी घरगुती ग्राहकांसाठी किमान 10 टक्के अधिक असावा. नेमके तास राज्याचा नियामक आयोग ठरवतो. यामागे रीवा येथील 750 मेगावॅटच्या प्रकल्पासारख्या सौर केंद्रांची दुपारची मुबलक वीज आहे.

मग दुपारी पाणी तापवून पहाटे वापरले तर बचत होईल का? गणित करून पाहू. 25 लिटर पाणी 18 अंशांवरून 60 अंशांवर नेण्यास सुमारे 1.22 युनिट लागतात. पाणी दुपारी तीनला तापवले आणि सकाळी सहाला वापरले, तर मध्ये 15 तास जातात. भोवतालची हवा 18 अंश धरू. टाकीचा काल-स्थिरांक, म्हणजे तापमानातील फरक 37 टक्क्यांवर येण्यास लागणारा वेळ, 60 तास असेल तर सकाळी 78 टक्के उष्णता उरते आणि पाणी सुमारे 51 अंशांवर असते. तोच 30 तास असेल तर 61 टक्केच उष्णता उरते. नेहमीचा दर 1 मानला तर हाती आलेल्या उष्णतेची किंमत पहिल्या टाकीत 0.8 भागिले 0.78, म्हणजे 1.03 पडते, दुसरीत 1.31. सकाळी सहाची वेळ कमाल मागणीची ठरली, तर ऐनवेळी पाणी तापवण्याची किंमत 1.10 होईल. पहिल्या घराला थोडा लाभ, दुसऱ्याला स्पष्ट तोटा. मीटर दोघांकडे सारखाच.

म्हणून केवळ वेळ पाहणारे यंत्र पुरेसे नाही. टाकीचे उष्णतारोधक आवरणही तितकेच निर्णायक आहे. गीझरवरील तारांकन याच साठवणुकीतील उष्णताहानीवरून ठरते. विकत घेताना ते वाचावे. जुना गीझर असेल तर पाणी आंघोळीच्या अर्धा-पाऊण तास आधी तापवणे आणि थर्मोस्टॅट 60 ऐवजी 50 अंशांवर ठेवणे हीच खरी हुशारी. तापमानातील फरक 42 वरून 32 अंशांवर आल्याने पाणी साठून असतानाची उष्णताहानी जवळजवळ एक चतुर्थांशाने घटते.

प्रश्न न्यायाचाही आहे. चांगली टाकी आणि छतावर सौर पत्रे असणारे कुटुंब आपला वापर दुपारकडे सरकवू शकते. पहाटे कामावर निघणाऱ्या, भाड्याच्या खोलीत जुना गीझर वापरणाऱ्या कुटुंबाला तशी मुभा नाही. कमाल मागणीचा वाढीव दर मात्र त्यालाही पडेल. वेळेनुसार दर आकारताना चांगल्या टाक्या स्वस्त करणे हे त्याच धोरणाचे दुसरे अंग मानले पाहिजे.

विद्यार्थ्यांनी एक प्रयोग जरूर करावा. रात्री गीझर तापवून बंद करा, थोडे पाणी काढून त्याचे तापमान मोजा, सकाळी पुन्हा मोजा, आणि न्यूटनच्या शीतलन नियमावरून आपल्या टाकीचा काल-स्थिरांक काढा. (पाणी कढत असते, मोठ्यांना सोबत घ्या.) दुपारची स्वस्त वीज तुमच्या घरी खरोखर स्वस्त पडेल की नाही, याचे उत्तर त्या एका आकड्यावरून मिळेल.