हिमातील उद्यान आणि एका कुळाचा ठेवा

कुलवृत्तांत सिद्ध करताना आपण वंशावळी, सनदा व इनामपत्रे कसोशीने शोधतो. परंतु घरातील जुन्या छायाचित्रांकडे तितक्या आस्थेने पाहत नाही. या दृष्टीने वेल्समधील एका घराण्याची हकीकत ज्ञातिबंधुभगिनींस उद्बोधक वाटेल.

स्वान्सी शहरानजीक पेनलर्गेर ही जहागीर होती. जॉन डिल्विन (१८१०–१८८२) यांस ती मातामहांकडून मिळाली व त्यांनी मातामहांचे लेवेलिन हे नाव धारण केले. दौहित्राने वारसा चालविण्याची ही रीत आपणांसही अपरिचित नाही. १८३३ साली त्यांचा विवाह एमा टॅल्बट यांच्याशी झाला. कागदावरील छायाचित्रणाचे जनक हेन्री फॉक्स टॅल्बट हे एमाबाईंचे मावसबंधू. टॅल्बट यांनी १८३९ साली आपला शोध जाहीर केला आणि त्याच वर्षी लेवेलिन यांनी प्रयोगास आरंभ केला.

विषय शोधण्यास त्यांना दूर जावे लागले नाही. तलाव, धबधबे, वृक्षराजी व ऑर्किडगृह यांनी नटलेले उद्यान दारीच होते. मात्र त्या काळी चित्र उमटण्यास पुष्कळ वेळ लागे. तेवढ्यात पाने वाऱ्याने हलत व चित्र पुसट होई. शिवाय रसायनांवर हिरव्या रंगाचा परिणाम अल्प होत असल्याने दाट पर्णभार काळाठिक्कर उमटे. हिवाळ्यात सूर्यप्रकाश मंद असला, तरी निष्पर्ण फांद्यांची रेखा स्पष्ट दिसे आणि बर्फ पडल्यास त्याची शुभ्रता प्रकाश परावर्तित करी.

हे कार्य एकट्याचे नव्हते. एमाबाई चित्रे छापण्यास साहाय्य करीत; कन्या थेरीझा (१८३४–१९२६) हीही छायाचित्रे घेई. जॉन यांची भगिनी मेरी डिल्विन (१८१६–१९०६) लहान कॅमेरा वापरी, त्यामुळे वेळ कमी लागे. सुमारे १८५३ साली तिने घेतलेले हिममानवाचे चित्र त्या विषयावरील आद्य छायाचित्रांपैकी मानले जाते. राजेरजवाड्यांच्या ताठर तसबिरींच्या त्या युगात घरगुती आनंदाचा क्षण टिपावासा वाटला, हे विशेष होय.

पुढे काचेचा उपयोग सुरू झाला. पण रसायन लावलेली काच ओली असतानाच सर्व क्रिया उरकावी लागे. लेवेलिन यांनी १८५६ साली मध व शिरका यांच्या मिश्रणाने ती काच कित्येक दिवस टिकविण्याची युक्ती प्रसिद्ध केली.

कालांतराने वैभव ओसरले. उद्यान रानाने ग्रासले व १९६१ साली ते कुलगृह पाडण्यात आले. चिरेबंदी वास्तू गेली, नाजूक कागद मात्र उरले! २००० साली स्थापन झालेल्या विश्वस्त संस्थेने उद्यानाच्या पुनरुद्धाराचे कार्य हाती घेतले, तेव्हा पूर्वीचे स्वरूप जाणण्यास हीच चित्रे साक्षीदार ठरली.

आपल्याकडेही ही कला लवकरच आली. मुंबईत १८५४ साली छायाचित्रण संस्था स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा तिच्याशी संबंध होता. आपल्या माजघरांतील पेट्यांत, देवघराच्या भिंतींवर अशी चित्रे आजही असतील. त्यांतील माणसे ओळखणारे वडीलधारे आहेत तोवर प्रत्येक चित्रामागे नाव, गाव व साल हलक्या हाताने लिहून ठेवावे, ओल व वाळवी यांपासून त्यांस जपावे. वाडे पडतात, वाटण्या होतात. परंतु नाव ठाऊक असलेला एक चेहरा पुढील पिढीस आपल्या मुळाशी जोडून ठेवतो. पूर्वजांचे हेही एक ऋणच आहे, आणि ते फेडणे आपल्या हाती आहे.