जोडीदार बदललेला तारा

युग्मताऱ्यांचे आयुष्य कोट्यवधी वर्षांचे. कोणत्याही वेधशाळेच्या नोंदवहीत ते मावत नाही. म्हणून १९८० च्या दशकापासून खगोलशास्त्रज्ञ संगणकावर हजारो, लाखो जोड्या जन्माला घालू लागले. प्रत्येक जोडीला वस्तुमाने व अंतर नेमून द्यायचे, भौतिकीच्या नियमांनी तिचे वय वाढवायचे आणि उरलेल्या जोड्या प्रत्यक्ष आकाशाशी ताडून पाहायच्या. एका अर्थी ही ताऱ्यांची जनगणनाच! हर्ली, टाउट आणि पोल्स यांची २००२ ची प्रणाली आजही अनेक प्रतिमानांचा पाया आहे.

या गणिताचा एक ठळक निष्कर्ष असा: म्हातारा न्यूट्रॉन तारा सोबत्याकडून द्रव्य ओढून घेतो, त्याची गिरकी मिलिसेकंदांवर येते आणि त्याच ओघात कक्षा जवळजवळ वर्तुळाकार होते.

२००४ मध्ये जुन्नर तालुक्यातील खोडदच्या महाकाय मीटरतरंग दुर्बिणीला या नियमाला न जुमानणारा पल्सार सापडला. शोधकर्ते होते पाउलो फ्रेरे, यशवंत गुप्ता, स्कॉट रॅन्सम आणि ईश्वरचंद्र. एनजीसी १८५१ या तारकागुच्छातील हा पल्सार ५ मिलिसेकंदांत गिरकी घेतो, १८.८ दिवसांत कक्षा पूर्ण करतो. कक्षेची उत्केंद्रता मात्र सुमारे ०.८९, धूमकेतूला शोभावी अशी.

उलगडा बहुधा गुच्छातील दाटीत आहे. ज्या सोबत्याने वेग दिला, त्याला एखाद्या जड आगंतुकाने हुसकावून लावले व स्वतः जागा घेतली. एकांतातील जोडीपुरते मांडलेले गणित येथे अपुरे पडते. शेजाऱ्यांचे गुरुत्वाकर्षणही हिशेबात धरावे लागते. २०१९ मध्ये त्याच, पण अद्ययावत झालेल्या दुर्बिणीच्या मोजमापांतून सोबत्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.२२ पट निघाले. तोही न्यूट्रॉन तारा असण्याची शक्यता आहे.