कलाभवनाचा एक विद्यार्थी

भारतीय चित्रपटाच्या इतिहासात धुंडिराज गोविंद फाळके यांच्या जिद्दीचे वर्णन विस्ताराने येते. त्यांच्या विद्यार्थिदशेचा विचार मात्र क्वचितच केला जातो. नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्याच्या शेजारी असलेल्या त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आरंभीचे शिक्षण घेऊन पुढे बडोद्याच्या कलाभवनात आले. सयाजीराव गायकवाड यांनी १८९० साली स्थापिलेल्या या संस्थेचे पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे देशी भाषांतून धंदेशिक्षण देण्याचे पुरस्कर्ते होते. विणकाम, रंगकाम, यंत्रविद्या व चित्रकला हे विषय तेथे एकाच छत्राखाली शिकविले जात.

या रचनेचे फळ फाळक्यांच्या ठायी दृष्टोत्पत्तीस येते. चित्रकलेच्या जोडीने त्यांनी वास्तुकला, मूर्तिकाम व छायाचित्रण आत्मसात केले. १८९२ च्या अहमदाबाद येथील औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीबद्दल त्यांना सुवर्णपदक मिळाले. गज्जरांनी त्यांना रतलाम येथे तीनरंगी ठसे करण्याची विद्या शिकण्यासही पाठविले.

१९१२ साली लंडनच्या काही आठवड्यांच्या मुक्कामात चित्रपटतंत्र त्यांना अवगत झाले, ते या पूर्वतयारीमुळेच होय. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी देखाव्यांच्या आखणीपासून फिल्म धुण्यापर्यंतची कामे त्यांनी स्वतः पाहिली. तात्पर्य, ज्या यशास आपण केवळ प्रतिभेचे देणे मानतो, त्याच्या मुळाशी एका धंदेशाळेचे शिक्षण होते. धंदेशिक्षणास दुय्यम लेखणाऱ्या इतिहासदृष्टीस तेवढेच दिसले नाही.