असईच्या तोफा आणि शिंद्यांचे साठ लाख

केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, भोकरदन तालुक्यात, असई हे गाव आहे. २१ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन बदनापूरला भेटले, दोन वेगळ्या वाटांनी निघायचे ठरले, आणि २३ तारखेला वेलस्लीची एकटीच फौज दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्यासमोर येऊन ठाकली. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावे दिसत होती, म्हणजे मध्ये उतार असणारच, एवढ्या अंदाजावर त्याने केळणा ओलांडली. संध्याकाळपर्यंत त्याचे पंधराशेहून अधिक लोक मारले गेले किंवा जखमी झाले होते, आणि मराठ्यांच्या ९८ तोफा त्याच्या हाती पडल्या होत्या.

माझे गाव जुईकाठचे. नोकरी मात्र जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका रोलिंग मिलच्या हिशेबखात्यात झाली. आमच्याकडे असईची गोष्ट त्या संध्याकाळी संपते. तोफ गेली पण गोलंदाज हटले नाहीत, हे सांगून म्हातारी माणसे गप्प होत. ते खरेच आहे. मेल्याचे सोंग घेऊन पडलेले गोलंदाज इंग्रज पुढे गेल्यावर उठले आणि त्यांनी त्याच तोफा मागून डागल्या, हे शत्रूनेही नोंदवले आहे. पण शिंद्यांच्या घराण्याची गोष्ट तिथे संपत नाही. पुढचा भाग आमच्या जिल्ह्याने ऐकायलाच हवा, कारण तो लोखंडाचा आहे आणि आज जालन्याची चूल लोखंडावर पेटते.

आधी त्या पराभवाने काय गेले ते पाहू. ३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी अंजनगावचा तह झाला. अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेचा शिंद्यांचा मुलूख त्यात सुटला, आणि त्या कलमात जालनापूरचा किल्ला आणि परगणा नावानिशी आहे. म्हणजे तोपर्यंत आपले जालना शिंद्यांचे होते. त्यानंतर ते निजामाच्या राज्यात राहिले, थेट १९४८ पर्यंत. गेलेल्या तोफांमागे महादजींनी घातलेला पैसा होता. आग्र्याला सँग्स्टर नावाच्या स्कॉट कारागिराच्या हाताखाली तोफा ओतल्या जात. धातू, भट्टी, कारागीर आणि रोख रक्कम यांचा मेळ या घराण्याने फार आधी घातला होता. असईला तोफा गेल्या, त्या ओतण्याची विद्याही हळूहळू गेली, आणि पैसा मात्र ग्वाल्हेरच्या किल्ल्यात साठत राहिला.

जयाजीराव शिंद्यांच्या काळात ही गंगाजळी प्रसिद्ध झाली. तळघरे, चोरवाटा आणि बंद कोठारे यांच्या कथा ग्वाल्हेरात अजून सांगतात. त्यातला काही पैसा त्यांनी बाहेर काढलाही. १८७२ साली आग्रा-ग्वाल्हेर लोहमार्गासाठी ७५ लाख रुपये आणि पुढच्याच वर्षी इंदूर-नीमच मार्गासाठी तेवढेच रुपये त्यांनी कर्जाऊ दिले. १८८६ मध्ये ते वारले तेव्हा त्यांचा मुलगा माधवराव दहा वर्षांचाही नव्हता.

माधवरावांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६चा. डिसेंबर १८९४ मध्ये कारभार हाती आला. यंत्रांची त्यांना विलक्षण ओढ होती. राजवाड्याच्या बागेत हौसेने सुरू केलेली दोन फुटी रुळांची छोटी गाडी त्यांनी संस्थानभर वाढवली: एक फाटा भिंडकडे, एक शिवपुरीकडे, आणि सर्वांत लांबचा श्योपूरकडे. खेळणे म्हणून आलेली वस्तू दहा वर्षांत माणसे आणि धान्य वाहू लागली. या माणसाच्या सगळ्या खर्चाची रीत मला याच गाडीत दिसते. हौस होती, श्रीमंती होती, पण हातातली वस्तू चार लोकांच्या कामी आली पाहिजे, ही धडपडही होती.

आता १९०७ सालाकडे येतो. जमशेटजी टाटा वारले होते. त्यांचे पुत्र दोराबजी आणि सहकारी पोलादाच्या कारखान्यासाठी लंडनच्या सावकारांकडे गेले आणि हात हलवत परतले. तिथे पैशाची चणचण होती, शिवाय कारखान्याचा ताबा आपल्याकडे असावा अशी सावकारांची इच्छा होती. तेव्हा टाटांनी मुंबईत भाग विक्रीला काढले. तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार हिंदी लोकांनी १६ लाख ३० हजार पौंडांचे भागभांडवल उभे केले. हे कौतुक सगळीकडे छापले जाते. पण त्यानंतर खेळत्या भांडवलासाठी ४ लाख पौंडांचे कर्जरोखे काढले, आणि ते सगळेच्या सगळे एकट्या माधवराव शिंद्यांनी घेतले. तेव्हा एका पौंडाला पंधरा रुपये पडत. म्हणजे साठ लाख रुपये.

खेळते भांडवल म्हणजे काय, हे मी नोकरीत रोज पाहिले आहे. भट्टी आणि मिल उभी करायला भाग विकून पैसा मिळतो. पण भट्टी पेटली की पहिली सळई विकली जाण्याआधी भंगाराचे पैसे द्यावे लागतात, विजेचे बिल भरावे लागते, शनिवारी मजुरांचा पगार द्यावा लागतो, आणि ज्याला माल दिला तो दोन-तीन महिन्यांनी पैसे देतो. चांगली यंत्रे असलेल्या मिलही या फटीत पडून बंद होतात. टाटांच्या साक्ची येथील कारखान्यात पहिले पोलाद १६ फेब्रुवारी १९१२ रोजी ओतले गेले. मधली चार-साडेचार वर्षे तिथे जंगलतोड, पाया आणि खर्च एवढेच होते. त्या काळात कारखाना फसला असता तर रोखेधारकाच्या वाट्याला छोटा नागपूरच्या रानातल्या अर्धवट भिंती आल्या असत्या. माधवरावांनी ही जोखीम डोळे उघडे ठेवून घेतली. ते आकडे समजून घेणारे राजे होते. पुढे मुंबईचे फ्रामरोज दिनशा यांच्यासारखा जाणकार त्यांनी पैशाच्या सल्ल्यासाठी जवळ केला.

दान आणि गुंतवणूक या दोन्ही गोष्टी त्यांनी केल्या, आणि दोन्हींची यादी मोठी आहे. १९०० मध्ये चीनमधल्या युद्धासाठी स्वखर्चाने रुग्णालयाचे जहाज सज्ज केले. पहिल्या महायुद्धात ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे जहाज विकत घेऊन, ‘लॉयल्टी’ असे नाव देऊन जखमींसाठी वापरले. युद्धानंतर ते सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी नरोत्तम मोरारजींच्या साथीने घेतले, आणि नव्या कंपनीला नाव दिले सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. १९१८ मध्ये पंडित भातखंडे यांच्या मदतीने ग्वाल्हेरला संगीत विद्यालय निघाले. १९२३ मध्ये उज्जैनची, सवाई जयसिंगाने बांधलेली वेधशाळा दुरुस्त झाली. पुण्याला वानवडीत महादजींच्या समाधीपाशी आज दिसणारी देखणी वास्तू त्यांचीच. ५ जून १९२५ रोजी पॅरिसमध्ये, पन्नाशीही गाठण्याआधी, ते गेले.

हा पैसा मुळात माळव्यातल्या आणि ग्वाल्हेरच्या शेतकऱ्यांच्या सारावसुलीचा होता, हे मी विसरत नाही. त्यात जालन्याच्या परगण्याचाही जुना हिस्सा असणार. म्हणूनच तो पैसा कुठे गेला, हे विचारायचा आमचा हक्क आहे. माझे हिशेबनिसाचे उत्तर असे: तळघरात असताना त्याने कोणाचेही भले केले नाही. तोफांत घातला तेव्हा तो एका संध्याकाळी गेला. कर्जरोख्यांत घातला तेव्हा व्याजही आले, मुद्दलही राहिले, आणि देशाला स्वतःचे पोलाद मिळाले. दान घेणारा दात्याकडे बघत राहतो. कर्ज घेणाऱ्याला मात्र फेडण्यासाठी स्वतःच्या पायावर उभे राहावे लागते. माधवरावांनी एका हिंदी कारखान्याला उभे राहण्याची ही संधी दिली, आणि ते मला त्यांच्या सगळ्या दानांहून मोठे वाटते.

जालन्याच्या भट्ट्यांत आज रोज भंगार वितळते आणि सळया महाराष्ट्रभर जातात. हे सगळे व्यापारी आणि कामगारांनी आपल्या हिमतीवर उभे केले. ग्वाल्हेरचा एक रुपयाही त्यात नाही. पण भांडवल कसे लावावे, किती काळ धीर धरावा आणि कोणत्या कामावर विश्वास टाकावा, याचा एक मोठा धडा असईला हरलेल्याच घराण्याने पुढे घालून दिला. भोकरदनच्या शाळांत असई शिकवताना १८०३ वर थांबू नये. मुलांना १९०७ ही सांगावे, साठ लाखांचा हिशेब फळ्यावर मांडून सांगावा. त्यांतली पुष्कळ मुले उद्या याच मिलमध्ये कामाला येणार आहेत, काही मिल काढणारही आहेत. पैसा केव्हा बाहेर काढायचा आणि कशात घालायचा, हे त्यांना लहानपणीच कळले पाहिजे.