दवंडी कोणाची, कान कोणाचे?

व्याख्यान संपते, आभार मानून होतात, मंडळी जोडे शोधू लागतात आणि नेमक्या त्याच वेळी चिटणीस ध्वनिक्षेपकापुढे येऊन म्हणतात, "दोन सूचना आहेत." उद्या सकाळी वरच्या पेठांत पाणी येणार नाही. रविवारी शाळेत नेत्रतपासणीचे शिबिर आहे. आभाळ भरून आले आहे, तेव्हा उद्याचे व्याख्यान पटांगणाऐवजी सभागृहात होईल. आणि शेवटी, एक किल्ल्यांचा जुडगा सापडला आहे. आम्ही अशा अनेक सभांतून पाहिले आहे की पहिल्या तीन सूचना हवेत विरून जातात. चौथी ऐकताच मात्र सारे सभागृह खिसे चाचपू लागते.

आमचा आजचा विषय ह्या सूचनांचाच आहे. आम्ही इतिहासाचे पदवीधर नव्हे. कारखान्याच्या दारावर सूचना वाचून दाखवणे, फलकावर चिकटवणे आणि व्यवस्थापनाने चिकटवलेल्या सूचनेचा अर्थ माणसांना सांगणे, यात आमची तीस वर्षे गेली. त्या कामापायी जे वाचले आणि जे दिसले, ते येथे मांडीत आहोत.

जुन्या काळी गावाला जे सांगावयाचे ते दवंडीने सांगत. "ऐका हो ऐका" ही हाळी आज आपण नाटकात किंवा लग्नाच्या विनोदी पत्रिकेत ऐकतो आणि हसतो. ती देणाऱ्याला हसण्यासारखे त्यात फारसे काही नव्हते. बहुतेक गावी दवंडी पिटणे हे महारांच्या वतनी कामांपैकी एक होते. साऱ्याची मुदत, बाजाराचा दिवस, हरवलेले जनावर, देवी टोचणारा येणार असल्याची वर्दी, पटकीची साथ असेल तर पाण्याविषयीची ताकीद, हे सारे त्याने दिवस-रात्र न पाहता गावभर सांगत फिरायचे आणि त्याच्या मोबदल्यात भाकरी मागायची. ज्या विहिरीचे पाणी उकळून प्या असे तो ओरडून सांगे, त्या विहिरीला हात लावण्याची त्याला मुभा नव्हती. डॉ. आंबेडकरांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले, ते ह्याच वेठीविरुद्ध. ती वतने प्रत्यक्ष गेली १९५८ च्या कायद्याने. मध्ये तीस वर्षे गेली. इतक्या स्वस्त दराचा नोकर सरकारला सोडवेना, असाच त्याचा अर्थ आम्ही लावतो.

दवंडीचा एक गुण मान्य केलाच पाहिजे. ती दारापर्यंत येई आणि तिला अक्षरओळख लागत नसे. १९०१ च्या शिरगणतीत साऱ्या हिंदुस्थानात साक्षरांचे प्रमाण शेकडा साडेपाचच्याही आत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या गुणाची किंमत कळते. पण तिच्यात एक मोठे वैगुण्य होते. दवंडीवाल्याला प्रश्न विचारून उपयोग नसे. कोणी विचारलाच, तर उत्तर देण्याचा अधिकार त्याला नव्हता. हुकूम पाटलाचा, पाटलाच्या वर मामलेदार आणि त्याच्याही वर सरकार. ह्याचा तो फक्त आवाज. ऐकणाऱ्याने ऐकावे आणि वागावे, एवढेच.

हे वैगुण्य किती महागात पडते, ते प्लेगाने दाखवले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा ताप ओळखला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी हुकूम जाहीर केला की रोगी आढळेल तेथे घर साफ करण्यात येईल, रोग्याला वेगळे काढण्यात येईल आणि गरज पडल्यास सक्तीने इस्पितळात नेण्यात येईल. वैद्यकाच्या तत्कालीन समजुतीप्रमाणे हुकूम सरळ होता. परंतु गिरणगावच्या चाळीत तो पोहोचला तेव्हा त्याच्याबरोबर उत्तर नसलेले प्रश्नही पोहोचले. नेलेले माणूस परत येते का? मेले तर प्रेत हाती मिळते का? बाईमाणसाला हात कोण लावणार? घरातला कर्ता माणूस नेला तर मागच्यांनी खायचे काय? ह्यांपैकी एकाचेही उत्तर जाहिरनाम्यात नव्हते. सूचनेने रिकामी सोडलेली जागा अफवा भरून काढते. इस्पितळात माणसे मारतात, अशी वदंता उठली. रोगी फार उशिरा नेले जात आणि त्यांतले बहुतेक मरत, त्यामुळे वदंतेला रोज नवा पुरावाही मिळे. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. महिना संपता संपता कमिशनरांना आपला हुकूम सैल करावा लागला.

त्या जमावाला पुष्कळ इतिहासकारांनी अडाणी म्हटले आहे. आम्ही त्यांचे वकीलपत्र घेत नाही. इस्पितळावर दगड टाकणे वाईटच. पण त्याच माणसांचे त्याच हिवाळ्यातले दुसरे वर्तन पाहा. शहर निम्म्याच्या आसपास रिकामे झाले, गिरण्यांना माणसे मिळेनात. एरवी कामगाराचा पगार कित्येक आठवडे अडकवून ठेवण्याची मालकांची वहिवाट होती. त्या हिवाळ्यात गिरण्यांनी रोजच्या रोज मजुरी देऊ केली. रस्त्याच्या कोपऱ्यांवर मजुरांसाठी जणू लिलाव पुकारले गेले. ही बातमी लोकांना बरोबर समजली, तिच्यातला आकडा समजला, आणि जे शहरात उरले होते त्यांनी अधिक देणाऱ्या गिरणीची वाट धरली. तेव्हा कान शाबूत होते. ज्या सूचनेत त्यांच्या प्रश्नाचे उत्तर होते, ती त्यांनी ऐकली.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. अवघ्या चार कलमांचा कायदा. त्याच्या दुसऱ्या कलमात सरकारला असा अधिकार दिला आहे की जाहीर सूचनेद्वारे लोकांवर तात्पुरते नियम घालावेत. चौथ्या कलमात सांगितले आहे की ह्या कायद्याखाली सद्‌हेतूने काही केले तर कोणावर दावा चालणार नाही. जाहीर सूचना कोणत्या भाषेत द्यावी, कोठे लावावी, ती लोकांना समजली की नाही हे कोणी पाहावे, ह्याविषयी कायदा मूक आहे. सूचना निघाली की सरकारची जबाबदारी संपली आणि प्रजेची सुरू झाली.

कायदा होऊन पाच दिवस झाले नाहीत, तोच ९ फेब्रुवारीला नारायण मेघाजी लोखंडे प्लेगाने गेले. आमच्या चळवळीतले ते पहिले पुरुष. १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारणारे, १८९० साली रविवारची सुटी मिळवून देणारे, 'दीनबंधु'चे संपादक. साथीत रोग्यांची सेवा करताना त्यांना संसर्ग झाला. त्यांच्या पाठोपाठ १० मार्चला पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या वस्तीतून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या तेथे आल्या आणि त्यांनाच रोगाने गाठले. रोग्याला घरातून हलवणे हेच काम कमिशनरचे शिपाईही करीत होते आणि सावित्रीबाईही करीत होत्या. एकाने जाहिरनामा लावला, दुसरीने पाठ वाकवली. मुलाच्या घरच्यांना सावित्रीबाई कोण हे ठाऊक होते, मूल कोठे नेले हेही ठाऊक होते.

पुण्यात मार्चपासून रँडसाहेबांच्या कमिटीने घरझडतीला गोरे सोजीर लावले. पुढची हकीगत आपणांस शाळेपासून पाठ आहे: २२ जूनची रात्र, रँड आणि आयर्स्ट यांच्यावर झाडलेल्या गोळ्या, दामोदर चापेकरांची फाशी, टिळकांवरील राजद्रोहाचा खटला. ती आम्ही पुन्हा सांगत नाही. आमच्या विषयापुरते एवढेच सांगावयाचे की मुंबईत पुढे निरनिराळ्या जातिजमातींनी आपापली प्लेग-इस्पितळे उघडली, पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने हिंदूंसाठी असे इस्पितळ निघाले, आणि जेथे ओळखीचा माणूस दारात उभा होता तेथे लोक रोगी घेऊन जाऊ लागले. जातीजातींची इस्पितळे आम्हांस सुखाची वाटत नाहीत. पण ती का चालली, ते समजून घेतले पाहिजे.

हवामानाच्या सूचनेचा इतिहास थोडा निराळा आहे. हिंदुस्थानचे हवामानखाते १८७५ साली निघाले. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्याची वसंत व्याख्यानमाला सुरू केली तीही त्याच वर्षी. एकाने आकाशाची खबर द्यावी, दुसरीने जगाची, असा तो गमतीचा योग आहे. १९२८ मध्ये हे खाते सिमल्याहून पुण्यास आले, आणि ते पुढे दिल्लीला गेले तरी शिवाजीनगरच्या त्या चौकाला पुणेकर सिमला ऑफिस म्हणतात ते म्हणतातच. १९५३ साली पुण्याला आकाशवाणी केंद्रही झाले. म्हणजे ज्या शहरात हवामानखाते होते, रेडिओ होता, वर्तमानपत्रे होती, सुशिक्षित श्रोता होता, त्याच शहरात १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पाणी घुसले. वेळेवर कोणी सांगितले नाही, ही त्या दिवसाची तक्रार जुने पुणेकर अजून करतात. नदीला पाणी आले म्हणून पुलावर बघायला गेलेल्यांच्या गोष्टी घरोघर आहेत. साधने सगळी होती. धोक्याची खबर प्रथम कोणाची, वरिष्ठांची की नदीकाठच्या बिऱ्हाडांची, हे ठरलेले नव्हते.

एकदा मात्र दवंडी उलटी फिरली. १९७४-७५ साली देवीच्या निर्मूलनाची अखेरची मोहीम चालू असताना आरोग्यसेवक बाजारांत आणि शाळांत देवी आलेल्या मुलाचे चित्र घेऊन हिंडत आणि लोकांना विचारीत, असा रोगी कोठे पाहिला आहे काय? खबर देणाऱ्यास बक्षीस होते. ते वाढत वाढत एक हजार रुपयांवर गेले. सरकार सांगत नव्हते, विचारीत होते. शेवटचा रोगी मिळाला १९७५ च्या मे महिन्यात. लसीचे श्रेय लसीला आहेच, पण तोपर्यंत लस देशात येऊन पावणेदोनशे वर्षे होत आली होती. मुंबईत पहिले मूल टोचले गेले ते १८०२ साली.

आणि मग २०२०. १३ मार्चला महाराष्ट्र सरकारने तोच १८९७ चा कायदा लागू केला. २४ मार्चला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली, अंमल मध्यरात्रीपासून. इतक्या लोकांनी एकाच वेळी ऐकलेली सूचना ह्या देशात क्वचितच झाली असेल. दवंडी पोहोचण्याचा प्रश्नच उरला नव्हता. पण दहा बाय दहाच्या खोलीत पाळीने झोपणाऱ्या मजुराने बारा वाजल्यानंतर कोठे राहावे, भाडे कोठून द्यावे, गावी कसे जावे, याचे उत्तर त्या रात्री त्याच्या हाती आले नाही. १४ एप्रिलला वांद्रे स्थानकाबाहेर हजारो मजूर जमले; गाड्या सुटणार अशी आशा पसरली होती. आम्ही ते चित्र पाहिले आणि आम्हांस आर्थर रोड आठवला.

येथे एका कायद्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात १०८ वे कलम होते. कारखान्यातील सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावावी, दरवाज्यापाशी ठळक व सोयीच्या जागी लावावी, आणि ती स्वच्छ व वाचता येईल अशी ठेवावी, असे ते सांगे. सूचना निघाली की संपले, असे १८९७ चा कायदा मानतो. ती समजली पाहिजे, असे १९४८ चा कायदा मानीत होता. मधल्या पन्नास वर्षांत संप झाले, संघटना झाल्या, स्वातंत्र्य आले. कलमाची भाषा आपोआप बदलत नसते.

तरीही भाषेने सारे भागते असे नाही, हे आम्ही स्वतः शिकलो. एका कारखान्यात प्रेस शॉपच्या कामगारांची कानांची तपासणी व्हावी म्हणून आम्ही वर्षभर भांडलो. अखेर मंजुरी मिळाली. फलकावर शुद्ध मराठीत सूचना लागली, आणि खबरदारी म्हणून ध्वनिक्षेपकावरूनही पुकारण्यात आली. म्हणजे ज्यांचे कान प्रेसच्या आवाजाने गेले असावेत अशी शंका होती, त्यांना प्रेस चालू असताना ध्वनिक्षेपकाने बोलावले! पहिल्या दिवशी तपासणीला प्रेस शॉपचा एकही माणूस आला नाही. कारकून मंडळी तेवढी आपले कान तपासून गेली.

दुसऱ्या दिवशी पाळी सुटताना आम्ही दारावर उभे राहून एकेकाच्या खांद्याला हात लावून सांगू लागलो. सूचना कळली नसावी, अशी आमची समजूत होती. एका जुन्या प्रेसवाल्याने आम्हांला बाजूला घेतले.

"भाऊ, सूचना मी वाचलीय," तो नेहमीप्रमाणे मोठ्याने म्हणाला. "सगळ्यांनी वाचलीय. कान गेलाय असं निघालं तर मशीनवर ठेवतील का काढतील, ते त्यात कुठं लिहिलंय?"

ते कोठेच लिहिलेले नव्हते. आम्हांलाही सुचले नव्हते. गोंगाटाने आलेले बहिरेपण हा कामातून जडणारा आजार म्हणून कायद्याने मानलेला आहे, हे आम्हांस ठाऊक होते, पण फलकावर ते नव्हते. तपासणीत दोष निघाल्यास कोणाचेही काम जाणार नाही, असे व्यवस्थापनाकडून लेखी घेण्यास आणखी पाच आठवडे लागले. ते पत्र आम्ही जुन्या सूचनेच्या शेजारी लावले. त्या सोमवारी प्रेस शॉपची पहिली पाळी सुटली, तेव्हा तपासणीच्या खोलीबाहेरची रांग कॅन्टीनपर्यंत गेली होती.