आंकडेमोडीचा वेग व त्याची प्रचीति

अकोला व अमरावती येथील कापसाच्या बाजारांत वानगी पाहिल्यावांचून सौदा करूं नये, असा जुना शिरस्ता. गाडींतील मूठभर कापूस हातीं घ्यावयाचा, चिमटींत धरून त्याचा तंतु ओढून पाहावयाचा, आणि मगच भाव बोलावयाचा. कापसाची वानगी अशी हातांत घेतां येते; वेगाची वानगी कशी दाखवावी? एखादें यंत्र दुसऱ्यापेक्षां त्वरेनें हिशेब करतें असें सांगणें सोपें आहे. तें ऐकणाऱ्याच्या प्रत्ययास आणून देणें मात्र कठीण. संगणकावरील हिशेबाच्या कोष्टकवहीस स्प्रेडशीट म्हणतात. मुक्त-स्रोत प्रकारची अशी एखादी कोष्टकवही पूर्वीपेक्षां वेगवान झाली, म्हणजे तें लोकांस कळविण्यासाठीं हल्लीं चित्रफीत तयार करतात. त्या चित्रफितीपुढचा प्रश्न हाच आहे, आणि त्याला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

अमेरिकेंतील खानेसुमारीच्या कचेरीनें १८८९ सालीं तीन पद्धतींची चढाओढ लावली. माहिती तीच, काम तेंच, फरक केवळ साधनांचा. हर्मन हॉलरिथ यांच्या यंत्रानें छिद्रें पाडलेल्या कार्डांवरून मोजदाद सुमारें साडेपांच तासांत उरकली. उरलेल्या दोन पद्धतींस त्याच मोजदादीसाठीं चाळीस तासांहून अधिक वेळ लागला. १८९० ची खानेसुमारी हॉलरिथ यांच्या यंत्रांकडे गेली, यांत नवल नाहीं. या कसोटींत शब्दांपेक्षां घड्याळ बोललें.

परंतु घड्याळाची साक्षही कामागणिक बदलते. नोव्हेंबर १९४६ मध्यें टोकियो येथें एका अमेरिकन सैनिकाचें विजेचें गणकयंत्र आणि कियोशी मात्सुझाकी या जपानी गणकाची मण्यांची चौकट यांचा जाहीर सामना झाला. या चौकटीस तिकडे सोरोबान म्हणतात. बेरीज, वजाबाकी, भागाकार व मिश्र उदाहरणें यांत मणी जिंकले. यंत्राची सरशी झाली ती एकट्या गुणाकारांत. म्हणजे नुसतें ‘वेगवान’ म्हणणें अपुरें आहे. कोणत्या कामांत वेगवान, हें सांगितल्यावांचून त्या शब्दाला अर्थ येत नाहीं.

या इतिहासांत वऱ्हाडचाही वांटा आहे. अकोला जिल्ह्यांतील मूर्तिजापूर तालुक्यांत मुरंबा नांवाचें खेडें आहे. तेथें १९४६ सालींच विजय भटकर यांचा जन्म झाला. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक भारतास मिळेना, तेव्हां १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली व तिचीं सूत्रें भटकरांकडे आलीं. मुदत तीन वर्षांची होती. एकच प्रचंड यंत्र बांधण्याऐवजीं अनेक लहान गणकांस एकत्र जोडून त्यांच्यांत काम वांटून द्यावें, हा मार्ग त्यांनीं पत्करला. शेतांत वेचणीस उतरलेल्या बायांनीं एकेक ओळ वांटून घ्यावी, तसाच हा प्रकार. १९९० सालीं त्याचा पहिला नमुना झुरिक येथील महासंगणकांच्या प्रदर्शनांत परदेशी तज्ज्ञांसमोर कसोटीस लावण्यांत आला, आणि १९९१ सालीं ‘परम ८०००’ प्रसिद्ध झाला. घरच्या घरीं केलेल्या घोषणेवर विसंबून न राहतां परक्या मांडवांत वेग दाखविला गेला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

घरगुती संगणकावरील कोष्टकवहीची कथा याहून थोडी आधींची. डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनीं १९७९ सालीं ‘व्हिझिकॅल्क’ बाजारांत आणली. एक आंकडा बदलला कीं त्यावर अवलंबून असलेले सारे आंकडे आपोआप बदलत, हें पाहून हिशेबनीस थक्क झाले. १९८३ सालीं आलेली ‘लोटस १-२-३’ यंत्राच्या भाषेस अत्यंत निकट अशा भाषेंत लिहिलेली होती, आणि वेग हेंच तिच्या यशाचें एक प्रमुख कारण ठरलें. १९८५ सालच्या ‘एक्सेल’नें निराळी युक्ति योजिली: एक घर बदललें म्हणून सारी वही पुन्हा मांडावयाची नाहीं, ज्या घरांवर परिणाम होतो तेवढींच मांडावयाचीं. परंतु या सर्वांचें अंतरंग मालकाच्या कुलपांत राहिलें. वेगाची ग्वाही विक्रेत्यानें द्यावी, व गिऱ्हाइकानें बहुशः ती मानावी, असा व्यवहार होता.

ऑक्टोबर २००० मध्यें ‘ओपनऑफिस’ची मूळ संहिता सर्वांस खुली झाली, आणि २०१० सालीं तिच्यांतून ‘लिब्रेऑफिस’ निघालें. मुक्त-स्रोत म्हणतात तें हेंच: संहिता कोणींही वाचावी, सुधारावी, वांटावी. जानेवारी २०१४ मध्यें आलेल्या ४.२ या आवृत्तींत तिच्या ‘कॅल्क’ या कोष्टकवहीची आंतली मांडणी पालटली. एका रकान्यांत ओळीनें तेंच सूत्र असल्यास तें घरोघर निरनिराळें न धरतां एक गट म्हणून धरावें, अशी योजना झाली. पुढील आवृत्त्यांत असे गट संगणकाच्या अनेक गाभ्यांत वांटून एकाच वेळीं सोडविण्याची सोय आली. ‘परम’च्या मुळाशीं असलेलें श्रमविभागणीचें तत्त्वच अशा रीतीनें टेबलावरच्या साध्या यंत्रांत उतरलें.

तरी या युक्तीस मर्यादा आहे. शेंकडों शेतकऱ्यांच्या मालाचें वजन गुणिले भाव, हा हिशेब वांटून देतां येतो. कारण एकाची रक्कम दुसऱ्याच्या रकमेवर अवलंबून नसते. रोजमेळांतील शिल्लक मात्र तशी नव्हे. कालची शिल्लक ठरल्यावांचून आजची ठरत नाहीं. तेथें दहा हात असले तरी एकामागून एकच चालावें लागतें. जी चित्रफीत पहिल्या प्रकारची वही दाखवून दुसऱ्या प्रकारच्या वहीचें सुख सुचविते, ती खोटें न बोलतांही फसविते.

शिवाय चित्रफितीचा स्वभावच काळाशीं खेळण्याचा आहे. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं ‘अंकुराची वाढ’ या चित्रपटांत वाटाण्याच्या रोपाची कित्येक दिवसांची वाढ कांहीं क्षणांत दाखविली. धनिकांस या कलेचें सामर्थ्य पटवून भांडवल उभें करणें, हा त्याचा हेतु होता, आणि तो सफळ झाला. पुढच्याच वर्षीं ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. फाळक्यांच्या पडद्यावर काळ आंखडला होता हें उघड होतें. कोणाची वंचना नव्हती. परंतु जें साधन मंद गतीस शीघ्र करून दाखवूं शकतें, त्यानेंच शीघ्रतेची साक्ष द्यावी, ही अडचण त्यामुळें स्पष्ट होते.

यास्तव अशा चित्रफितीनें कांहीं पथ्यें पाळणें इष्ट आहे. जुनी व नवी आवृत्ति एकाच संगणकावर चालवावी. वही तीच असावी. घड्याळ आरंभापासून अखेरपर्यंत चित्रांत दिसावें, आणि मध्यें कात्री लागूं नये. जेथें वेग वाढला नाहीं, असेंही एखादें उदाहरण दाखवावें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे कसोटीची वही प्रेक्षकांच्या हवालीं करावी. कुलूपबंद मालाच्या विक्रेत्यास हें शेवटचें पथ्य जड जाईल. मुक्त-स्रोतास तें सहज साध्य आहे, कारण दोन्ही आवृत्त्या विनामूल्य मिळतात आणि वेग कशामुळें वाढला हें संहितेंत वाचतां येतें.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठांत वाणांच्या उत्पन्नाचे आंकडे मांडणाऱ्या संशोधकास, किंवा अमरावतीच्या एखाद्या शाळेंत जुन्या संगणकावर निकालपत्रक करणाऱ्या शिक्षकास, परक्या देशांतील नव्या कोऱ्या यंत्रावर किती पळें वांचलीं याच्याशीं कर्तव्य नसतें. आपल्या यंत्रावर, आपल्या वहींत किती वांचतात, हा त्यांचा प्रश्न. नवें यंत्र घेण्यास पैसा नसतां जुन्यावरच काम निभावणार कीं नाहीं, हें त्या उत्तरावर ठरतें. त्यांना स्वतः घड्याळ लावून पाहावयास जी चित्रफीत प्रवृत्त करील, तिनेंच वेगाची खरी वानगी दिली.