तांबी आणि विटाळाचे दिवस



आमच्या बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंड हे गाव तांब्याच्या खाणीसाठी प्रसिद्ध आहे. याच धातूने स्त्रीजीवनाच्या इतिहासातही एक शब्द रूढ केला आहे; तो म्हणजे 'तांबी'. गर्भाशयात बसविलेल्या कोणत्याही साधनास पुष्कळ जणी आज तांबीच म्हणतात. परंतु या एका नावाखाली निरनिराळ्या गुणांची साधने आहेत, आणि हा भेद न कळल्यामुळे स्त्रिया विनाकारण भयभीत होतात.

या साधनांचा आपल्या देशातील व्यापक प्रसार 1965 साली सुरू झाला. अमेरिकेतील डॉक्टर जॅक लिपीज यांनी तयार केलेला प्लॅस्टिकचा 'लूप' सरकारने कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमात आणला. पहिल्या वर्षी आठ लाखांहून अधिक स्त्रियांनी तो बसवून घेतला. दुसऱ्या वर्षी ही संख्या नऊ लाखांवर गेली. तिसऱ्या वर्षी मात्र ती सात लाखांच्याही खाली आली. कारण उघड होते. लूपमुळे अनेकींच्या अंगावरून अधिक जाऊ लागले, पोटात कळा येऊ लागल्या. आणि असे घडू शकते, हे पुष्कळ जणींना आधी कोणी सांगितलेच नव्हते. जिथे चार दिवसांचा विटाळ पाळला जाई, तिथे दहा दिवस रक्तस्राव झाला, तर चूल आणि देवघर दोन्ही तिला बंद! लूप शरीरभर भटकतो, अशा कंड्याही मग पिकल्या.

1969 साली चिलीतील डॉक्टर हाइमे झिपर यांनी तांब्याचा गर्भरोधक गुण दाखवून दिला. त्यातून तांबी आली. पण पाळीच्या वेळचा अधिक रक्तस्राव आणि कळा पुष्कळ जणींच्या बाबतीत राहिल्याच. 1970 साली शिकागोचे डॉक्टर स्कोमेन्या यांनी साधनातूनच संप्रेरक, म्हणजे हार्मोन, सोडण्याची कल्पना प्रयोगात आणली. पुढे 1990 साली फिनलंडमध्ये लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे हार्मोन रोज अत्यल्प प्रमाणात सोडणारे साधन प्रचारात आले. त्यात तांबे मुळीच नाही.

या हार्मोनमुळे गर्भाशयाचे अस्तर पातळ होते. हा बदल होत असता पहिले तीन ते सहा महिने अवेळी डाग पडतात, मधूनमधून कळाही येतात. नंतर पाळी बहुधा कमी होते. वर्षअखेर सुमारे पाचांपैकी एकीची पाळी थांबते. तेव्हा 'रक्त आत साठले' असे म्हणून घरातील वडीलधारी बायका घाबरतात. पण जे अस्तर वाढलेच नाही, त्याचे रक्त साठणार कोठून? अतिस्रावाने पांढऱ्या पडलेल्या स्त्रियांसाठी तर डॉक्टर हेच साधन उपचार म्हणून योजतात.

मात्र प्रत्येक दुखणे सोसावयाचे नसते. असह्य वेदना, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, फार रक्त जाणे, साधनाचा दोरा हाताला न लागणे किंवा गर्भाची शंका, यांपैकी काहीही झाल्यास विलंब न लावता डॉक्टर गाठावा. आणि साधन नकोसे झाले, तर ते काढून घेण्याचा अधिकार त्या स्त्रीचाच आहे.

लूपच्या काळी उणीव केवळ साधनात नव्हती. ती सांगण्यातही होती. ज्या स्त्रीला पुढे काय घडेल हे आधीच समजावून सांगितले जाते, ती चार डाग पाहून हबकत नाही, आणि खरे संकट आले तर अंगावरही काढीत नाही.